आधीच्या भुलीच्या वेळी

चष्मेवालीने तीन दिवस आरशासमोर उभं राहून एकच वाक्य घोटलं होतं. "डॉक्टर, मला पूर्ण झोपवा." कुणाला वाटेल, चार शब्दांना कसली आलीय तालीम? पण नवव्या वर्षी तापात दोन्ही कान गेले, तेव्हापासून तिचा आवाज तिच्या ताब्यात राहिला नव्हता. कधी तो नको तेवढा चढायचा, कधी घशातच बसायचा, आणि 'झ' तर हमखास दगा द्यायचा. म्हणून गळ्यावर दोन बोटं ठेवून, थरथर जोखत, तिने ते वाक्य पाठ केलं होतं. आता दवाखान्याच्या लांबलचक बोळात खुर्चीवर बसल्या बसल्या ते शंभरदा मनात म्हणून झालं, तरी उजवा पाय काही केल्या हलायचा थांबत नव्हता.

तिला चष्मेवाली म्हणत ते दोन्ही अर्थांनी. नाकावर जाड भिंगांचा चष्मा, आणि पोटापाण्याचा उद्योगही चष्म्यांचाच. बाजारातल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत ती भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. घासायच्या चाकाची किरकिर म्हणे अशी, की शेजारचा शिंपी दुपारी दार लावून घ्यायचा. हिला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ आली की ती त्याच्या ओठांवर डोळे लावायची आणि बहुतेक सगळं बिनचूक ओळखायची. फसायची ती एकाच ठिकाणी. प, ब, भ आणि म. ही चार भावंडं ओठांवर अगदी सारखी दिसतात; ओठ मिटायचे आणि उघडायचे, बस्स. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "माझं माप घ्या," म्हणजे डोळ्यांचं. तिने वाचलं, "माझं पाप घ्या." ती म्हणाली, "ज्याचं त्याने घ्यावं, मी फक्त चष्मे करते." ते गृहस्थ अजून गिऱ्हाईक आहेत, हे विशेष.

शेजारच्या खुर्चीत वन्सं बसल्या होत्या, नवऱ्याची थोरली बहीण. उभी हयात त्यांनी टेलिफोन खात्यात काढली होती. "थांबा, जोडून देते" असं म्हणत हजारो अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला लावलं होतं. नोकरी संपली तरी सवय सुटली नव्हती. घरात दोन माणसं बोलायला लागली की तिसऱ्या वन्सं मध्ये हजर. त्यात भावजयीला ऐकू येत नाही, म्हणजे आयतंच मैदान मिळालं. दवाखाना असो, बँक असो, हिच्या वतीने बोलायचा मक्ता त्यांच्याकडे. नवरा सामानाची गाडी चालवायचा. परवा ऑपरेशनच्या दिवशी सुट्टी मिळावी म्हणून आज त्याला कामावर जाणं भाग होतं. निघताना तो म्हणाला, "ताई, तू आहेस म्हणजे मला काळजी नाही." बायकोला काय वाटतं ते विचारायचं राहूनच गेलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

परवा तिची गर्भाची पिशवी काढायची होती, आणि तिच्या डाव्या अंगाला वाढलेली लिंबाएवढी गाठ. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून दिलं होतं. त्यांचे ओठ कसे मोकळे आणि स्वच्छ, एकेक अक्षर निवडून ताटात ठेवल्यासारखं. गाठ काढली की तिचा तुकडा लगेच तपासायला जाणार. अर्ध्या तासात उत्तर येणार. साधी निघाली तर तेवढ्यावर भागेल. वाईट निघाली तर पोट उघडं आहे तोवर आणखी काही काढावं लागेल, आणि पुढचंही बरंच काही करावं लागेल. म्हणजे ती टेबलावर पडलेली असतानाच तिच्या पुढच्या आयुष्याचा निकाल त्या खोलीत येऊन थडकणार होता. तो येईल तेव्हा आपण शुद्धीवर असता कामा नये, एवढंच तिचं मागणं होतं. का, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

भिंतीवर लाल आकडा बदलला. वन्संनी कोपराने ढोसलं. जसं काही तिला आकडेही ऐकूच यायचे असतात!

आत भूल देणारे डॉक्टर बसले होते, आणि त्यांना पाहताच चष्मेवाली दारातच थबकली. मिशी! साधीसुधी नव्हे, चांगली भरघोस, खाली ओठावर उतरलेली. वरचा ओठ जवळजवळ गडप. खालचा ओठ तेवढा ये-जा करताना दिसत होता. त्यात डॉक्टरांना खाली मान घालून, कागदाशी बोलायची सवय. तीन दिवस तिने स्वतःच्या बोलण्याची तालीम केली होती. समोरच्याचं बोलणं मिशीआड असेल, हा विचार डोक्यातच आला नव्हता.

"वय?" डॉक्टरांनी विचारलं असावं, कारण वन्सं म्हणाल्या, "चव्वेचाळीस."

मग सुरू झाली टोलवाटोलवी. डॉक्टर वन्संना विचारायचे, वन्सं डॉक्टरांना सांगायच्या. चष्मेवाली इकडून तिकडे मान फिरवून फिरवून दमली. एकाचा शेवट मिळायचा, तोवर दुसऱ्याची सुरुवात निसटायची. वन्सं मधूनच तिच्याकडे वळून, तोंड मोठं करून, सारांश द्यायच्या: "कानांचं विचारताहेत. सांगितलं मी." आणि पुन्हा डॉक्टरांकडे तोंड. "दोन्ही गेलेत हो, नवव्या वर्षीच. पण हुशार आहे! सगळं ओळखते." हे वाक्य वन्संनी इतक्या ठिकाणी इतक्या वेळा म्हटलं होतं, की चष्मेवाली ते पाठमोऱ्या वन्संच्या नुसत्या खांद्यांवरून वाचू शकायची. बोलणाऱ्या पोपटाची ओळख करून द्यावी तसे त्यांचे खांदे वर व्हायचे.

डॉक्टरांनी छाती तपासली. पाठीवर नळी ठेवून जोरात श्वास सोडायला लावला. तोंड उघडायला सांगितलं, जीभ बाहेर, मान मागे. ते तिच्या घशात डोकावत होते आणि ती त्यांच्या मिशीत. दोघांनाही हवं ते नीट दिसलं नसावं. छातीत मात्र त्यांना काहीतरी ऐकू आलं.

"दमा आहे?"

"आहे ना," वन्सं म्हणाल्या. "भिंगांची धूळ. पंपही आहे तिच्याकडे. दाखव गं पंप."

तिने पिशवीतून पंप काढून दाखवला. डॉक्टरांनी मान डोलावली आणि वन्संना समजावायला लागले. वन्सं ते तुकड्यातुकड्यांनी तिच्याकडे पोचवत होत्या. पूर्ण झोपवायचं तर घशातून नळी घालावी लागते. दमेकऱ्याची छाती त्या नळीवर चिडते, कधी कधी भलतीच चिडते. त्यापेक्षा कमरेतून भूल द्यावी. पाठीच्या कण्यात औषध, शिवाय एक बारीक नळी तिथेच ठेवायची, म्हणजे वेळ लांबला तरी औषध वाढवता येतं. छातीच्या खालचं सगळं बधिर. दुखणार काही नाही. "तू जागी राहशील," वन्संनी शेवटचा निरोप पोचवला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्या डॉक्टरांकडे वळल्या, पण उत्साहाच्या भरात अर्ध्याच, त्यामुळे ओठ दिसत राहिले.

"हे तर उत्तमच! जागं राहायला बाकीचे का घाबरतात हो डॉक्टर? आवाजांना. हत्यारांची खडखड, तुमची आपापसातली बोलणी. हिला ती भानगडच नाही! शांत पडून राहील बघा."

मिशी हलली, रुंदावली. डॉक्टर हसले. "असा पेशंट रोज मिळायला हवा," असं काहीतरी म्हणाले. वन्संही हसल्या.

चष्मेवालीच्या अंगाची लाही लाही झाली. तिने टेबलाच्या कडेला हात टेकले आणि तीन दिवस घोटलेलं वाक्य सोडलं. ते बहुधा फारच मोठ्याने सुटलं, कारण बाहेरची नर्स दार किलकिलं करून आत डोकावली.

"डॉक्टर, मला पूर्ण झोपवा!"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच कागदावरून मान वर केली आणि थेट तिच्याकडे पाहिलं. ते काही बोलले. मिशी वरखाली झाली. तिने मान हलवली, नाही कळलं. ते पुन्हा बोलले. तिने स्वतःच्या वरच्या ओठावर बोट ठेवलं आणि मग त्यांच्या मिशीकडे दाखवलं. वन्संनी डोळे मिटून घेतले. एवढ्या मोठ्या माणसाला मिशीवरून बोलायचं म्हणजे! पण डॉक्टर क्षणभर विचारात पडले, मग त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं लावून मिशी वर उचलून धरली, दुकानदाराने सकाळी शटर वर करावं तशी. खाली एक पातळ, गोरा, वर्षानुवर्षं ऊन न लागलेला ओठ निघाला.

"का?" तो ओठ म्हणाला.

"मला काही कळायला नको."

"झोपवता येतं. येत नाही असं नाही. पण तुमच्या छातीला धोका जास्त. तो कशासाठी घ्यायचा, ते मला कळलं पाहिजे."

तिने चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने पुसायला लागली. हा तिचा जुना डाव. चष्मा उतरला की जग पुसट होतं आणि जग पुसट झालं की सगळ्यांची तोंडं आपोआप बंद. घरी भांडण झालं की ती हेच करायची. पण इथे डाव चालणार नव्हता. परवाचा दिवस काही तिच्या चष्मा पुसण्यासाठी थांबणार नव्हता. सांगायचं तर एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य त्यांच्या घरात एकोणीस वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं, आणि वन्सं तर शेजारीच बसलेल्या. त्या वेळी आठ दिवस ज्यांनी आपल्याला हाताने भरवलं, न्हाऊ घातलं, वेणी घातली, त्यांच्यासमोर ते उकरून काढायचं कसं? तिने चष्मा पुन्हा घातला. पाय हलतच होता.

डॉक्टरांनी मिशी सोडून दिली, पेन उचललं आणि अडलेल्या घोड्याला वळसा घालून जावं तसे फॉर्मवरच्या पुढच्या प्रश्नाकडे गेले. या वेळी मात्र तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं. मिशी जागेवर होती. खालचा ओठ मिटला, उघडला.

ओठ वाचणारा माणूस अर्धं समोरच्याच्या ओठांवरचं वाचतो आणि अर्धं स्वतःच्या मनातलं. चष्मेवालीने वाचलं:

"आधीच्या मुलीच्या वेळी काही त्रास झाला होता?"

ती गार पडली. यांना कसं कळलं, मुलगी होती ते? जुन्या कागदांत असेल. पण काय सरळ विचारलं माणसाने! एकोणीस वर्षांत एकानेही असं तोंडावर विचारलं नव्हतं. सासूबाई गेल्या त्या न विचारताच गेल्या. नवरा त्या तारखेच्या आसपास उगीचच घरातले नळ दुरुस्त करत बसायचा. आणि हा मिशीवाला परका माणूस, हातात पेन घेऊन, भाजीचा भाव विचारावा तसा विचारतो आहे. तिच्या छातीत काहीतरी सैल झालं.

"झाला," ती म्हणाली. आणि मग थांबताच येईना. "तेव्हाही कमरेतूनच दिलं होतं औषध. मी जागी होते. माझा चष्मा काढून घेतला. म्हणाले, आत चालत नाही. चष्म्याशिवाय मला हातभरावरचं तोंड दिसत नाही, डॉक्टर. आणि दिसून तरी काय? सगळ्यांची तोंडं बांधलेली. पोटात ओढल्यासारखं झालं, तेव्हा कळलं की बाहेर काढली. मग मी वाट बघत राहिले. रडली का, ते मला कसं कळणार? बाकीच्या बायकांना बाळाचं रडणं ऐकू येतं म्हणे, आणि त्यांचा जीव भांड्यात पडतो. मी विचारलं, मुलगा की मुलगी? कोणी काही बोलेना. पुन्हा विचारलं. ओरडले असेन. माझ्यावर वाकून पांढरं पांढरं काहीतरी हलायचं आणि निघून जायचं. कोणी तोंडावरचं फडकं खाली केलं नाही. मला वाटलं, कानांसारखा माझा आवाजही गेला. मी बोलतेय आणि बाहेर काही पडतच नाहीये. पाऊण तास, डॉक्टर. कार्डावर वेळा लिहिल्यात, मी नंतर पाहिल्या. आणि मला सांगितलं संध्याकाळी. वन्संनी. माझा चष्मा मला घातला आणि सांगितलं, मुलगी होती, गेली."

तिने दम घेतला. पंप ओढला. मग म्हणाली, "परवा पुन्हा तेच. तो रिपोर्ट येणार. बांधलेली तोंडं त्यावर बोलणार. मी मधोमध पडलेली. म्हणून म्हणते, झोपवा मला."

डॉक्टरांनी वन्संकडे पाहून काहीतरी म्हटलं आणि वन्संचा चेहरा पांढरा फटक पडला.

"काय झालं?" चष्मेवालीने विचारलं.

डॉक्टरांनी कागद ओढला, त्यावर भरभर एक ओळ लिहिली आणि तिच्यापुढे सरकवली: मी हा प्रश्न विचारला होता. खाली दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घालून तो प्रश्न. तिने वाचला. "आधीच्या मुलीच्या वेळी काही त्रास झाला होता?"

"त्याचंच तर उत्तर दिलं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी जोरजोरात मान हलवली. वन्संनी कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. "मुलीच्याच लिहिलंय की हो," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी कागद परत घेऊन स्वतःच्या अक्षराकडे पाहिलं आणि ते वरमले. त्यांनी त्या 'म'च्या डोक्याला एक लहानसा वेढा काढला, वरची रेघ तिथे खोडली, आणि कागद पुन्हा तिच्यापुढे केला.

आधीच्या भुलीच्या वेळी.

चष्मेवाली त्या वेढ्याकडे बघत राहिली. म्हणजे आत्ताही कुणी विचारलं नव्हतंच. फॉर्मवरचा छापील प्रश्न होता, दिवसभरात वीस जणींना विचारायचा. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, आणि या सगळ्याचा भयंकर राग आला. मिशीचा, 'भ'चा, स्वतःचा. उठून चालतं व्हावं असं वाटलं. तिने पिशवी उचललीसुद्धा.

डॉक्टरांनी हात पुढे करून तिला थांबवलं. मिशी उचलली. "मला तेच विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "बसा."

ती बसली. बसताना तिच्या लक्षात आलं, वन्सं बोलताहेत. तिच्याशी नाही, डॉक्टरांशी. पूर्ण पाठ फिरवून, वर तोंडावर रुमाल धरून. खांदे वर होत नव्हते, थरथरत होते. वन्संना रडताना तिने सासूबाई गेल्या तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"काय म्हणताहेत त्या?" तिने डॉक्टरांना विचारलं. "मला सांगा, काय म्हणताहेत?"

डॉक्टर वन्संकडे बघत होते. मग त्यांनी बोटाने एक गोल काढला: वळा. वन्सं वळेनात. डॉक्टरांनी टेबलावरून हात पुढे करून त्यांच्या तोंडावरचा रुमाल हळूच खाली केला आणि चष्मेवालीकडे बोट दाखवलं. त्यांच्या खालच्या ओठावरून एवढं कळलं: "त्यांना सांगा. मला नका सांगू."

वन्सं वळल्या. नाक लाल, ओठ ओले. एरवी भावजयीशी बोलताना त्या तोंड केवढं मोठं करायच्या. आज ओठ जेमतेम हलले.

"मला पाच मिनिटांत कळलं होतं," वन्सं म्हणाल्या. "नर्स दाराशी आली. म्हणाली, मुलगी राहिली नाही. आई सारखी विचारतेय, सांगायचं का? मी म्हटलं, नका सांगू. टाके घालायचे आहेत, हलली तर काय घ्या. म्हटलं, मी सांगेन नंतर. आणि मग मला धीरच होईना गं. तुझा चष्मा माझ्या हातात होता. तो घेऊन मी बसून राहिले."

"नर्सला आणखी काय म्हणालात?"

तिने का विचारलं कोण जाणे. वन्संच्या चेहऱ्यावर काहीतरी शिल्लक दिसत होतं म्हणून असेल. वन्संनी खाली पाहिलं, मग वर पाहिलं.

"तिला तसंही ऐकू येत नाही."

त्या वाक्यात प नव्हता, ब नव्हता, भ नव्हता, म नव्हता. चुकायला कुठे जागाच नव्हती.

चष्मेवाली उठली. खोलीत जायला जागा ती किती? वजनकाट्यापर्यंत चार पावलं, तिथून खिडकीपर्यंत पाच. ती काट्यापाशी गेली, खिडकीपाशी गेली, परत काट्यापाशी आली. खाली आवारात एक माणूस चाकांची खुर्ची धुवत होता. एकोणीस वर्षं तिने त्या बांधलेल्या तोंडांना शिव्या दिल्या होत्या. रस्त्यात कुणी नाकावर रुमाल बांधून दिसला तरी तिचं डोकं फिरायचं. आणि ती तोंडं गप्प होती ती सांगितलं म्हणून. सांगणारी तर घरातच होती, फळं सोलून देणारी, पंप संपला की आठवणीने नवा आणणारी. चिडायचं तरी कुणावर? ती चिडली मात्र. कडकडून चिडली. वन्संचं भरवणं, न्हाऊ घालणं, वेणी घालणं, सगळं तिला एकदम वेगळंच दिसायला लागलं, आणि तसं दिसतंय याचीही चीड आली, कारण ते हात खरंच मायेचे होते.

आणि चौथ्यांदा काट्याकडे जाताना तिचे पाय मध्येच थांबले. परवा आपण झोपलो तर काय होईल? रिपोर्ट येईल. आतल्या सगळ्यांना कळेल. मग कुणीतरी दार उघडून बाहेर येईल. बाहेर कोण बसलेलं असेल? तीन दिवस आरशासमोर ते वाक्य घोटून ती नेमकं काय मागत होती, ते तिला आत्ता, वजनकाट्याशेजारी उभं राहून कळलं. ती टेबलाशी परत आली आणि बसली नाही.

"मला झोपवू नका," ती म्हणाली. हे वाक्य तिने घोटलं नव्हतं. 'झ' कसा निघाला ते कळलं नाही, पण डॉक्टरांना समजलं.

"कमरेतून?"

"कमरेतून. पण चष्मा माझ्या डोळ्यांवर राहणार. काढायचा नाही."

डॉक्टरांनी विचार केला. "पट्टीने चिकटवून ठेवू," ते म्हणाले. मग, आपण होऊन, मिशी वर करून, सावकाश: "ऑपरेशन करणाऱ्या बाई वेगळ्या. मी पूर्ण वेळ तुमच्या उशाशी बसलेला असतो. माझं कामच तुमच्याकडे बघत बसायचं. तोंडावरचं मला काढता येणार नाही, पण हात मोकळे असतात. पाटीवर लिहीन."

"या अक्षरात?"

डॉक्टर हसले. वन्सं हसल्या नाहीत. "मोठ्या अक्षरात लिहीन," ते म्हणाले. "एकेक सुटं."

"तुकड्याचा रिपोर्ट आला की लगेच लिहायचं."

"वाईट असला तरी?"

"तरी."

"टेबलावर पडल्या पडल्या असं काही कळणं सोपं नसतं. घाबराल. श्वास लागेल. तशी वेळ आली तर शिरेतून थोडं झोपेचं औषध देता येतं. मी म्हणेन, रिपोर्टच्या आधीच देऊन टाकू."

"नाही," ती म्हणाली. "आधी सांगा. मग झोपवा."

डॉक्टरांनी संमतीचा फॉर्म काढला, भरला, आणि सवयीने सही घ्यायला वन्संपुढे सरकवला. वन्संचा हातही सवयीने पुढे झाला होता. त्यांनी तो मागे घेतला. कागद दोघींच्या मध्ये टेबलावर राहिला. चष्मेवालीने तो आपल्याकडे ओढला आणि खालपर्यंत वाचला, भिंगावरचा चरा शोधावा तसा. शेवटी एक रकाना होता: ऑपरेशन चालू असताना माहिती कोणास द्यावी? डॉक्टरांनी तिथे लिहिलं होतं, नणंद. तिने ते खोडलं आणि वर लिहिलं, मला. मग जरा थांबून पुढे लिहिलं, फक्त मला. खाली सही केली.

"अगं, आणि मी?" वन्संनी तिच्या मनगटाला हात लावला, तिने आपल्याकडे बघावं म्हणून. डोळे पुन्हा भरले होते. "मी बाहेर बसणार तीन-तीन तास. जीव टांगणीला. दार उघडणार, मिटणार, आणि मला कोणी काही बोलणार नाही? मला कोण सांगणार?"

चष्मेवालीने हात सोडवून घेतला नाही. वन्संना आपलं तोंड नीट दिसेल अशी ती वळली. पाय हलायचा थांबला नव्हता.

"मी सांगेन," ती म्हणाली. "मला बाहेर आणतील, तेव्हा. तोवर थांबा."